पहिला डोस देणाऱ्यांसाठीच्या संघटना: वर्गणी कुठे भरावी, कुठे नुसती मार्गदर्शिका उतरवून घ्यावी

फेज वन युनिटचे, म्हणजे नवे औषध माणसांत पहिल्यांदा तपासणाऱ्या केंद्राचे, वार्षिक बजेट मांडताना 'संघटनांची वर्गणी' या ओळीवर हमखास काट बसते, आणि ती काट दरवेळी चुकीची असते असेही नाही. क्लिनिकल रिसर्चच्या नावाने चालणाऱ्या संघटना पुष्कळ आहेत, पण त्यांतल्या बहुतेकींचा जीव फेज थ्रीत गुंतलेला: शेकडो केंद्रे, हजारो रुग्ण, मॉनिटरिंग, कागदपत्रे. नवे औषध पहिल्यांदाच माणसाच्या शिरेत सोडताना पलंगाशेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरला लागते ते ज्ञान निराळे. पहिल्याला डोस दिल्यावर दुसऱ्याला किती वेळाने द्यायचा? एएलटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम, कितीवर गेले की थांबायचे? गेल्या आठवड्यात दुसऱ्या शहरात औषध घेऊन आलेला स्वयंसेवक ओळखायचा कसा? या तीन प्रश्नांना धड उत्तर देणारी संघटना आमच्या लेखी कामाची. याच कसोटीवर युरोपातल्या चार संघटना, त्यांचा महासंघ, ब्रिटनमधली एक सेवा आणि आपल्याकडच्या काही संस्था इथे तपासल्या आहेत.

आधी एक भेद ध्यानात ठेवायला हवा. एबीपीआय ही ब्रिटनमधली औषध कंपन्यांची संघटना आहे. एएचपीपीआय, म्हणजे असोसिएशन फॉर ह्यूमन फार्माकॉलॉजी इन द फार्मास्युटिकल इंडस्ट्री, ही त्या कामात असलेल्या माणसांची. जर्मनीची एजीएएच, बेल्जियममधल्या युनिटांची बीएपीयू आणि फ्रान्सची क्लब फेज वन या तिघींचे क्षेत्रही फक्त सुरुवातीच्या टप्प्यातल्या चाचण्यांचे. या चौघींनी मिळून २०१५ साली युफेमेड हा महासंघ उभा केला. कंपन्यांच्या संघटनेकडून चांगली मार्गदर्शिका मिळू शकते, आणि एबीपीआयकडून ती मिळतेही. पण 'आमच्याकडे हे असे बिघडले, तुमच्याकडे काय होते?' हे विचारायला व्यवसायातल्या माणसांचेच व्यासपीठ लागते. कंपनीचा प्रतिनिधी म्हणून बसलेला माणूस तिथे मोकळेपणाने बोलत नाही.

पहिल्यानंतर दुसरा कधी

या संघटनांच्या कागदांना आज जे वजन आहे, ते दोन दुर्घटनांमुळे आले. १३ मार्च २००६ रोजी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारातल्या एका खासगी युनिटमध्ये टीजीएन१४१२ या मोनोक्लोनल अँटिबॉडीची चाचणी सुरू झाली. आठ निरोगी पुरुष. सहांना औषध, दोघांना प्लासिबो (औषधासारखेच दिसणारे, पण औषध नसलेले). एकाचा डोस आणि पुढच्याचा डोस यांत अंतर सुमारे दहा मिनिटांचे. लक्षणे उमटायला तास-दीड तास लागला आणि तोवर सहाही जणांच्या रक्तात औषध पोचले होते. मात्रा होती किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे माकडांत निर्धोक ठरलेल्या मात्रेचा पाचशेवा भाग. कागदावर ही मात्रा सावध दिसते. पण पेशींवरच्या ग्राहींचा, म्हणजे औषध जिथे चिकटते त्या जागांचा, हिशेब मांडला, तर याच मात्रेत सुमारे नव्वद टक्के ग्राही औषधाने व्यापले जाणार होते. सहाही जणांना अतिदक्षता विभागात न्यावे लागले. सुदैवाने सगळे वाचले.

त्यानंतर एबीपीआय आणि ब्रिटनची जैवतंत्रज्ञान संघटना यांच्या संयुक्त कृतिगटाने पहिली मात्रा ठरवण्याची पद्धत उलटी केली. प्राण्यांत किती मात्रेपर्यंत अपाय होत नाही, इथून खाली येण्याऐवजी माणसाच्या शरीरात किमान जैविक परिणाम किती मात्रेला अपेक्षित आहे, तिथून सुरुवात करायची. हीच ती 'मेबेल'. सरकारने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २००६च्या अखेरीस २२ शिफारशी केल्या. एबीपीआयची फेज वन मार्गदर्शिका २००७मध्ये आली, २०१२ आणि २०१८मध्ये सुधारली गेली. ती वाचायला सदस्यत्व लागत नाही. मुंबई-पुण्यातल्या एखाद्या युनिटला एकच परदेशी कागद नेमाने वाचायचा असेल, तर आम्ही हाच सुचवू.

मार्गदर्शिकेतले 'सेंटिनेल डोसिंग' वाचायला सोपे आहे. आठ जणांच्या गटातल्या दोघांनाच आधी डोस द्यायचा, एकाला औषध आणि एकाला प्लासिबो. मग थांबायचे, बहुधा चोवीस तास, औषधाचा परिणाम उशिरा दिसणार असेल तर त्याहून जास्त. आणि नंतर उरलेले सहा. गडबड होते ती रँडमायझेशनच्या, म्हणजे कोणाला औषध आणि कोणाला प्लासिबो हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवणाऱ्या, यादीत. संख्याशास्त्रज्ञाने सवयीने आठांचा एकच ब्लॉक (एकत्र वाटणीचा गट) केला, तर पहिले दोघेही प्लासिबोवर निघू शकतात. युनिट चोवीस तास इमानेइतबारे नाडी-रक्तदाब मोजत बसते आणि औषध कोणाच्याच अंगात नसते. डोळे बांधलेली चाचणी (कोणाला काय दिले हे युनिटलाही ठाऊक नसते ती) असल्याने हे कोणाला कळतही नाही. त्यासाठी सेंटिनेल जोडीचा ब्लॉक वेगळा हवा, तो एकास एक हवा, आणि फार्मासिस्टच्या हातातल्या यादीत तसा स्पष्ट उल्लेख हवा. पहिला क्रमांक ऐनवेळी गळाला तर राखीव स्वयंसेवकाला त्याच जागेचे औषध द्यायचे की पुढच्या क्रमांकाचे, हेही आधीच लिहून ठेवावे. सकाळी सात वाजता फोनवर ठरवायची ही गोष्ट नव्हे.

दुसरी दुर्घटना फ्रान्समधल्या रेन शहरातली, जानेवारी २०१६ची. बीआयए १०-२४७४ हे औषध रोज तोंडाने देण्याच्या टप्प्यात गटागटाने मात्रा वाढवत नेली होती: अडीच, पाच, दहा, वीस मिलिग्रॅम, आणि मग एकदम पन्नास. पन्नासच्या गटातल्या एका स्वयंसेवकाला १० जानेवारीच्या संध्याकाळी रुग्णालयात हलवले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गटातल्या उरलेल्यांना ठरल्याप्रमाणे डोस मिळाला. पहिल्या स्वयंसेवकाचा १७ जानेवारीला मृत्यू झाला आणि इतरांपैकी काहींच्या मेंदूला इजा झाल्याचे दिसून आले.

कार्यपद्धतीच्या दृष्टीने यातली दुखरी जागा ती सकाळ आहे. एक माणूस रात्री रुग्णालयात गेला आहे, त्याच्या तब्येतीची पक्की खबर नाही, अशा वेळी सकाळचा डोस आपोआप थांबायला हवा. तो 'कोणीतरी थांबवा म्हटले तर' थांबणारा नसावा. चांगल्या युनिटांच्या एसओपीत, म्हणजे लेखी कार्यपद्धतीत, आता उलटे वाक्य असते: रोजचा डोस सुरू करण्यासाठी प्रमुख संशोधकाची सही लागते, आणि आदल्या रात्रीच्या सगळ्या घटना वाचल्याशिवाय ती सही होत नाही. युरोपच्या औषध नियामक संस्थेची २०१७ची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे या दुर्घटनेनंतरचीच. मात्रा वाढवणे कधी थांबवायचे हे त्यांत नेमके आहे: औषधाशी संबंध असण्याची शक्यता असलेली एक जरी गंभीर घटना घडली तर, किंवा गंभीर या व्याख्येत न बसणाऱ्या पण तीव्र अशा प्रतिक्रिया एकाच गटात दोघांना आल्या तर. 'गंभीर' आणि 'तीव्र' यांची मराठीत नेहमी गल्लत होते. रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, जीव धोक्यात येणे, कायमचे अपंगत्व हे गंभीर. तीव्र म्हणजे त्रासाची पातळी. असह्य डोकेदुखी तीव्र असेल, पण घरी बसून बरी झाली तर ती गंभीर ठरत नाही. परिचारिकांच्या प्रशिक्षणात या फरकावर अर्धा तास खर्च करावा, सार्थकी लागतो.

युफेमेडचे खरे मोल इथे कळते. नियामक संस्थेचा कागद नियम सांगतो. महासंघाच्या परिषदांत युनिटवाले, नियामक आणि नीतिसमित्यांचे लोक एकत्र बसून त्या नियमाचा अर्थ लावतात. एकाच प्रोटोकॉलमध्ये (चाचणीच्या लेखी आराखड्यात) एकच मात्रा, पुन्हापुन्हा मात्रा आणि जेवणाचा परिणाम असे तीन भाग गुंफले, तर पुढचा भाग मागच्याच्या आधी संपला पाहिजे का? किती माहिती हातात आल्यावर पुढे जायचे? अशा प्रश्नांना छापील उत्तर पुरत नाही. माणसात पहिल्यांदाच जाणाऱ्या औषधांवर काम करणाऱ्या भारतीय युनिटने दर दोन-तीन वर्षांनी एक माणूस तिथे पाठवावा. बायोइक्विव्हॅलन्सचेच, म्हणजे जुन्या औषधाची नवी गोळी मूळ गोळीइतकीच रक्तात पोचते का हे पाहण्याचेच, काम करणाऱ्याला मात्र त्या खर्चातून फारसे काही मिळणार नाही.

एएलटी कितीवर थांबायचे

या प्रश्नाला सर्वांत चांगले उत्तर फ्रान्सच्या क्लब फेज वनने दिले आहे, आणि भारतात ते सर्वांत कमी वाचले जाते. या संघटनेच्या कार्यगटाने २०१०मध्ये निरोगी स्वयंसेवकांसाठी सुरक्षिततेची श्रेणीपट्टी प्रसिद्ध केली, मात्रा वाढवणे व थांबवणे यांच्या निर्णयांसाठी. गरज का पडली? कर्करोगाच्या चाचण्यांसाठी बनलेली सीटीसीएई पट्टी सर्रास सगळीकडे वापरली जाते. तिच्यात एएलटी सामान्य मर्यादेच्या तिपटीपर्यंत गेले तरी ती पहिली, म्हणजे सौम्य श्रेणी. केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णासाठी हे ठीक. ज्याला कसलाच आजार नाही आणि औषधाचा कसलाच फायदा नाही, त्या पंचविशीतल्या मुलाचे एएलटी अडीचपट झाले, तर 'सौम्य' म्हणून पुढचा डोस देणे चुकीचे.

उलट बाजूही आहे. निरोगी माणसाचे एएलटी औषधावाचूनही वर जाते. युनिटमध्ये आठ-दहा दिवस बसून राहणे, नेहमीपेक्षा जास्त पिष्टमय जेवण, दाखल होण्याच्या आदल्या दिवशी केलेला व्यायाम, एवढ्याने आकडा हलतो. २००६मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी प्रौढांना रोज ४ ग्रॅम पॅरासिटामॉल १४ दिवस दिल्यावर ३१ ते ४४ टक्के लोकांचे एएलटी मर्यादेच्या तिपटीवर गेले होते. आणि प्रोटोकॉलमध्ये डोकेदुखीसाठी मुभा असते ती बहुधा पॅरासिटामॉलचीच! यावर साधे उपाय आहेत. स्क्रीनिंग आणि दाखल होण्याचा दिवस, असे दोनदा एएलटी मोजावे. दाखल होण्यापूर्वी तीन दिवस जड व्यायाम बंद, आणि सीके, हे स्नायूंतले एन्झाइम, सोबत मोजावे. सीके वाढलेले असेल तर संशय आधी स्नायूंवर. गटातल्या प्लासिबोवाल्यांचे आकडे डोळे न उघडता, सांख्यिकी विभागामार्फत सरासरीत पाहण्याची सोय प्रोटोकॉलमध्येच ठेवावी. पॅरासिटामॉल दिले तर किती आणि कधी, याची नोंद तासासकट.

क्यूटीचा, म्हणजे हृदयाचा विद्युत-ठोका किती लांबतो हे दाखवणाऱ्या ईसीजीवरच्या अंतराचा, निकष तुलनेने सरळ आहे. नाडीच्या वेगानुसार, फ्रिडेरिशिया पद्धतीने, दुरुस्त केलेले अंतर ५०० मिलिसेकंदांवर गेले किंवा मूळ मोजणीपेक्षा ६० मिलिसेकंदांहून जास्त वाढले, तर थांबावे, हा सर्वत्र रूढ संकेत. चुका ईसीजी काढण्यात होतात: स्वयंसेवक दहा मिनिटे आडवा झालेला नसतो, किंवा त्याच्या हातातून नुकतेच रक्त काढलेले असते. सुई पाहून भोवळ येणारे, नाडी मंदावून रक्तदाब उतरणारे तरुण प्रत्येक युनिटमध्ये भेटतात. म्हणून वेळापत्रकात एकाच क्षणी तीन गोष्टी पडल्या तर आधी ईसीजी, मग नाडी-रक्तदाब आणि शेवटी, नेमक्या ठरल्या मिनिटाला, रक्त.

जर्मनीच्या एजीएएचचे कामही याच दिशेचे आहे, पण संघटनेचे रोजचे व्यवहार जर्मन भाषेतल्या वर्तुळात जास्त. बीएपीयू हे मुख्यतः बेल्जियममधल्या युनिटांचे एकमेकांशी आणि तिथल्या सरकारशी बोलण्याचे माध्यम. भारतातून या दोन्हींकडे थेट जाण्याची गरज नाही; युफेमेडच्या दारातून जे येईल ते पुरते.

एकाच वेळी दोन चाचण्यांत असणारा स्वयंसेवक

ब्रिटनची टॉप्स ही सेवा, दि ओव्हर-व्हॉलंटिअरिंग प्रिव्हेन्शन सिस्टिम, या सगळ्या परीक्षणातले सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत साधे उत्पादन आहे. ती एका फेज वन युनिटच्या पुढाकारातून जन्माला आली. २०१३पासून ती तिथल्या आरोग्य संशोधन प्राधिकरणाकडे आहे. स्वयंसेवकाचे नाव तिच्यात नसतेच. ब्रिटिश नागरिक असेल तर नॅशनल इन्शुरन्स क्रमांक, परदेशी असेल तर पासपोर्ट क्रमांक आणि देश, आणि शेवटच्या डोसची तारीख. स्क्रीनिंगला आलेल्या माणसाचा क्रमांक टाकला की गेल्या काही महिन्यांत दुसऱ्या युनिटमध्ये नोंद आहे का ते दिसते. असेल तर त्या युनिटला फोन करून खात्री करायची. डोस दिल्यावर आपण तारीख भरायची, आणि राखीव म्हणून बोलावून डोस न देता परत पाठवला असेल तर तेही नोंदवायचे. हे शेवटचे काम विसरले जाते, आणि मग बिचारा राखीव माणूस विनाकारण तीन महिने अडकून पडतो.

ही सेवा चालते याचे कारण तिचे तंत्रज्ञान नाही, ते तर कोणीही बनवेल. ती चालते कारण नीतिसमित्या तिची अट घालतात आणि झाडून सगळी युनिटे ती वापरतात. दहापैकी दोन युनिटे बाहेर राहिली तरी पैशासाठी चाचण्या करत फिरणारा माणूस नेमका त्या दोनांकडेच जातो. फ्रान्समध्ये यासाठी सरकारी राष्ट्रीय नोंदवही आहे आणि वर्षभरात स्वयंसेवकाला मिळणाऱ्या एकूण मोबदल्यावर कायद्याने मर्यादाही आहे. अमेरिकेत हे काम खासगी कंपन्यांच्या यंत्रणांवर सोडलेले आहे, त्यामुळे जाळ्याला भोके आहेत.

भारतात टॉप्स जशीच्या तशी उचलता येत नाही. आपल्याकडे नॅशनल इन्शुरन्स क्रमांकाच्या तोडीचे आधार कार्ड आहे, पण २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खासगी संस्थांनी आधारची मागणी करण्यावर बंधने आली. म्हणून आपल्याकडच्या यंत्रणा बोटांच्या ठशांवर चालतात, आणि त्यांच्यात सामील होणे ऐच्छिक आहे. ठशांना स्वतःच्या अडचणी आहेत: बांधकामावर किंवा शेतात काम करणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र ते वाचत नाही, आणि रांगेत माणसे ताटकळत असली की 'दुसरे बोट लावा' म्हणत शेवटी हाताने परवानगी दिली जाते. या हाताने दिलेल्या परवानग्यांची वेगळी वही ठेवावी आणि महिन्याअखेर गुणवत्ता विभागाने ती पाहावी.

हा प्रश्न निव्वळ नैतिक नाही, आकड्यांचाही आहे. दोन फेऱ्यांच्या साध्या बायोइक्विव्हॅलन्स चाचणीत प्रत्येक फेरीत ५ मिलिलिटरचे २२ नमुने धरले तर २२० मिलिलिटर रक्त जाते, वर स्क्रीनिंग आणि शेवटच्या तपासणीचे वेगळे. असा माणूस दोन ठिकाणी एकाच महिन्यात गेला तर हिमोग्लोबिन उतरते, आणि आधीच्या औषधाने यकृतातली एन्झाइमे चेतवली किंवा दाबली असतील तर दुसऱ्या चाचणीचे आलेखही खोटे ठरतात. म्हणूनच प्रोटोकॉलमध्ये तीन महिने किंवा आधीच्या औषधाची पाच अर्धायुष्ये (रक्तातले औषध निम्मे व्हायला लागणारा वेळ म्हणजे एक अर्धायुष्य), यांतले जे जास्त ते, असे अंतर घालतात.

ब्रिटिश मार्गदर्शिका वापरताना आणखी एक ठिकाण सांभाळावे लागते. तिथे प्रत्येकाचा नोंदणीकृत फॅमिली डॉक्टर असतो. युनिट त्याला पत्र लिहून स्वयंसेवकाचा पूर्वेतिहास मागवते. आपल्याकडे असा डॉक्टर नसतो. तरीही उसन्या एसओपीत 'फॅमिली डॉक्टरचे उत्तर आले: होय / नाही' हा रकाना तसाच दिसतो आणि त्यावर निमूटपणे 'लागू नाही' लिहिलेले असते. त्याऐवजी जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या आणायला सांगणे, लघवीची अमली पदार्थांसाठी तपासणी दाखल होताना पुन्हा करणे, आणि दोन वेगळ्या दिवशी दोन वेगळ्या माणसांनी इतिहास विचारणे हे जास्त फळते. दुसऱ्या मुलाखतीत उत्तरे बदलतात, तीच खरी माहिती.

आपल्याकडे काय आहे

इंडियन सोसायटी फॉर क्लिनिकल रिसर्च, आयएससीआर, २००५ सालची. तिचा पसारा मोठा आहे, वार्षिक परिषद भरते, आणि 'पर्स्पेक्टिव्ह्ज इन क्लिनिकल रिसर्च' हे तिचे त्रैमासिक सर्वांना मोफत वाचता येते. सांख्यिकी आणि नीतिशास्त्रावरचे त्यातले छोटे लेख निवासी डॉक्टरांना शिकवायला उत्तम. पण फेज वनसाठी खास असे तिथे थोडे. वर्गणी भरायची ती कायद्यातल्या बदलांची वेळेवर चर्चा होते म्हणून, आणि ती चर्चा खरोखर चांगली होते. नीतिसमित्यांसाठी फर्सी हा मंच आहे; त्याचे नमुना एसओपी आणि प्रशिक्षण यांतून फेज वन प्रोटोकॉल तपासणाऱ्या समितीचा पाया पक्का होतो. समितीत क्लिनिकल फार्माकॉलॉजिस्ट नसेल तर मात्र पहिल्या मात्रेचा हिशेब कोणीच उघडून पाहत नाही, मग एसओपी कितीही चांगली असो.

भारतीय संघटनांकडून जे घ्यायचे आणि युरोपीय कागदांत जे सापडणारच नाही, ते म्हणजे आपला कायदा. २०१९च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियमांनुसार फेज वनच्या अर्जाचे शुल्क ३ लाख रुपये. भारतात शोधलेल्या औषधासाठी ३० कामकाजाच्या दिवसांत उत्तर आले नाही, तर परवानगी मिळाली असे धरता येते. परदेशात शोधलेल्या औषधासाठी तिथला फेज वनचा डेटा आधी द्यावा लागतो, म्हणजे परदेशी रेणू माणसात पहिल्यांदा भारतात जात नाही. युनिटची स्वतःची नीतिसमिती नसेल तर त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या आतली दुसरी समिती चालते. पहिला स्वयंसेवक घेण्यापूर्वी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी. गंभीर घटना घडल्यावर संशोधकाचा अहवाल २४ तासांत, सविस्तर विश्लेषण १४ दिवसांत, नीतिसमितीचे मत ३० दिवसांत.

नुकसानभरपाईचे सूत्र तर तोंडपाठच हवे. मृत्यूच्या बाबतीत मूळ रक्कम ८ लाख, तिला वयाच्या गुणकाने आणि जोखमीच्या गुणकाने गुणायचे आणि ९९.३७ने भागायचे. जोखमीचा गुणक मरणासन्न रुग्णासाठी ०.५, निरोगी स्वयंसेवकासाठी ४. पासष्टीच्या माणसाचा वयाचा गुणक ९९.३७च असल्याने त्याची रक्कम सरळ ३२ लाख येते. जितके वय कमी तितकी ती वाढते, आणि वरचे टोक ७३.६० लाख. विमा काढताना गटातल्या सर्वांत तरुण स्वयंसेवकाचे वय धरून, औषधावरच्या सगळ्यांनाच इजा झाली असे गृहीत धरून हिशेब करावा. टीजीएन१४१२च्या वेळी सहाच्या सहा जण एकाच दिवशी आजारी पडले होते. प्रत्येकी मर्यादा भरपूर आणि एकूण मर्यादा तुटपुंजी अशी पॉलिसी तिथे कामाची नाही.

गेल्या काही वर्षांत आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने फेज वन चाचण्यांसाठी केंद्रांचे जाळे उभारले आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय, खारघरचे ॲक्ट्रेक, चेन्नईचे एसआरएम आणि चंदीगडचे पीजीआय ही त्यातली केंद्रे, म्हणजे चारांपैकी दोन आपल्याच दारात. हे सरकारी जाळे आहे, व्यवसायातल्या माणसांची संघटना नव्हे, आणि ती उणीव तशीच राहिली आहे: एएचपीपीआयसारखी, फक्त पहिल्या डोसबद्दल बोलणारी भारतीय संघटना नाही. नवी मुंबई, अहमदाबाद, हैदराबाद, बंगळूर एवढ्या चार शहरांतली युनिटे जरी वर्षातून दोनदा एकत्र बसली, तरी ठशांच्या यंत्रणेत सामील होण्याचा प्रश्न तिथेच सुटेल. प्रायोजकांची स्पर्धा आड येते हे खरे, पण लंडनमधली युनिटेही एकमेकांची स्पर्धकच आहेत.

अमेरिकेच्या एसीआरपी आणि सोक्रा या क्लिनिकल रिसर्चमधल्या व्यावसायिकांच्या संघटनांबद्दल थोडक्यात. दोन्हींची प्रमाणपत्रे समन्वयक आणि मॉनिटर यांच्या नोकरीसाठी उपयोगी आहेत. एसीआरपीच्या परीक्षेला बसायला साधारण ३,००० तासांचा अनुभव लागतो. परदेशी कंपनीत अर्ज करणाऱ्या समन्वयकाने जरूर द्यावी. पण फेज वनच्या रात्रपाळीला ज्ञानाचा तुटवडा असतो तो ॲनाफायलॅक्सिसमध्ये (अचानक उठणाऱ्या जीवघेण्या ॲलर्जीत) पहिल्या मिनिटाला काय करायचे याचा, आणि तिथे हे प्रमाणपत्र भिंतीवरच राहते. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेची २००८पासूनची ऐच्छिक मान्यता योजना या बाबतीत अनुकरणीय आहे: प्रगत जीवनरक्षणाचे प्रशिक्षण, आणीबाणीचे नियमित सराव, जवळच्या रुग्णालयाशी लेखी करार, चोवीस तास डॉक्टर. तिचे निकष घेऊन स्वतःच्या युनिटची तपासणी करायला कोणाचीही परवानगी लागत नाही. सराव आगाऊ न सांगता, रात्री अडीचला घ्यावा. ॲड्रेनॅलिनची तारीख उलटलेली आहे, सक्शनची नळी बसत नाही, लिफ्टमध्ये स्ट्रेचर तिरके केल्याशिवाय शिरत नाही, या गोष्टी तेव्हाच कळतात.

तर खर्चाचा क्रम असा लावावा. एबीपीआयची मार्गदर्शिका, युरोपीय नियामक संस्थेची तत्त्वे आणि क्लब फेज वनची श्रेणीपट्टी आधी वाचून एसओपीत उतरवावी; यांपैकी कशालाही सदस्यत्व लागत नाही. मग नीतिसमितीच्या सदस्यांना फर्सीच्या प्रशिक्षणाला पाठवावे. आयएससीआरचे सदस्यत्व कायदेशीर बाजू पाहणाऱ्याला एक घ्यावे, अख्ख्या विभागाला नको. देशात शोधलेला रेणू हाती असेल तर युफेमेडची परिषद. कोणत्याही संघटनेला पैसे देण्यापूर्वी तिच्या मागच्या परिषदेचा कार्यक्रम मागवून पाहावा: मात्रा वाढवणे, थांबवण्याचे निकष आणि स्वयंसेवकांची निवड यांवर किती सत्रे होती, की सगळा वेळ कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या चर्चांत गेला? वक्त्यांच्या यादीत एखादा फार्मासिस्ट आणि एखादी परिचारिका आहे का, तेही पाहावे. सेंटिनेलचा ब्लॉक चुकला तर तो पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात येतो.